मिलिमीटरमागे एक बादली

बेलापूरला पारसिक टेकडीच्या उतारावर आमचे घर आहे आणि घराच्या मागे, आंब्याचे झाड आणि संरक्षक भिंत यांच्या मधल्या जागेत, सहा मीटर लांब आणि तीन मीटर रुंद असा पोहण्याचा हौद आहे. तो बांधून घेणारे माझे सासरे त्याला हौदच म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणतो. पायऱ्यांच्या बाजूला तो नव्वद सेंटीमीटर खोल आहे आणि दुसऱ्या टोकाला दीड मीटर, म्हणजे काठोकाठ भरला की त्यात २१,६०० लिटर पाणी मावते. मुले त्यात पोहायला शिकली आणि शिक्षणासाठी दूर गेली. आता त्यात रोज उतरतात त्या माझ्या सासूबाई. त्यांच्या गुडघ्यांची झीज झाली आहे. जमिनीवर दहा पावले चालताना त्यांना कठड्याचा आधार लागतो, पण छातीभर पाण्यात त्या अर्धा तास सहज चालतात, कारण पाणी शरीराचा बराचसा भार आपल्यावर घेते. डॉक्टरांनी हा व्यायाम सांगितल्यापासून त्यांनी तो शक्यतो चुकवलेला नाही. त्यामुळे हौद गळतो आहे हे कळले तेव्हा तो सरळ बंद करून टाकावा, हा विचार माझ्या मनात आलाच नाही.

गळती कळली तीही हौदाकडे पाहून नव्हे, तर पाण्याच्या बिलावरून. हौदाला आम्ही गच्चीवरच्या टाकीला असतो तसाच तरंगत्या गोळ्याचा व्हॉल्व्ह बसवून घेतला होता. पाणी थोडे उतरले की गोळा खाली येतो, नळ सुटतो आणि पातळी पुन्हा जागेवर येते. मोठ्या सोयीची ही व्यवस्था, पण तिने निदान चार-पाच महिने गळती आमच्यापासून लपवून ठेवली. हौद रोज भरलेला दिसत होता, फक्त तो भरत कोण होते याकडे आमचे लक्ष नव्हते. मागे वळून पाहिले तेव्हा इतर खुणाही आठवल्या. क्लोरीन नेहमीपेक्षा लवकर संपत होते, कारण औषध घातलेले पाणी जाऊन त्या जागी कोरे पाणी येत होते. संरक्षक भिंतीतून पाणी निघून जावे म्हणून जी छिद्रे ठेवलेली असतात, त्यांतल्या डावीकडच्या दोन छिद्रांखाली ऐन एप्रिलमध्ये हिरवे शेवाळ होते आणि भिंतीला पांढरा लोणा लागला होता. मी ते रोज पाहत होते आणि टेकडीचे पाणी असेल असे समजून पुढे जात होते. एप्रिलमध्ये टेकडीला कुठले पाणी!

मराठीत पाण्याच्या जाण्याला किती शब्द आहेत. गळणे, ठिबकणे, झिरपणे, पाझरणे, मुरणे. प्रत्येकाचा वेग वेगळा आणि वाटही वेगळी. दुरुस्तीला येणारी माणसे मात्र या सगळ्याला ‘लिकेज’ म्हणतात, आणि शब्द एकच झाला की उपायही एकच सुचत असावा. मेच्या सुरुवातीला एक ठेकेदार आले, दहा मिनिटे काठावरून फिरले आणि त्यांनी निदान सांगितले : वॉटरप्रूफिंग गेले आहे, हौद पूर्ण रिकामा करायचा, सगळ्या टाइल्स उखडायच्या, नवा थर द्यायचा, नव्या टाइल्स बसवायच्या. खर्च साडेतीन लाख, मुदत सहा आठवडे. लांबीच्या भिंतीवरच्या एका टाइलला पडलेला तडा त्यांनी मला बोटाने दाखवला. तो तडा आम्हाला वर्षानुवर्षे माहीत होता. काँक्रीटच्या भिंतीलाच मोठी भेग गेली असेल तर त्यांचा उपाय योग्य ठरला असता. पण भेग आहे की नाही, पाणी दिवसाला किती जाते आणि कुठून जाते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांनी शोधले नव्हते. मोजण्याआधीच फोडायला निघणे मला पटेना.

दुसरी भीती त्याहून मोठी होती. मेमध्ये काम सुरू करून सहा आठवडे म्हणजे जूनचा मध्य. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. पाऊस सुरू झाला की टेकडीच्या उतारावरची माती भिजते आणि पाणी मातीच्या आतून खाली सरकू लागते. जमिनीत बांधलेला हौद भरलेला असतो तेव्हा आतल्या पाण्याचे वजन, म्हणजे आमच्या बाबतीत साडेएकवीस टनांहून अधिक, त्याला दाबून धरते. तोच हौद रिकामा असेल आणि चारी बाजूंची माती पाण्याने डबडबलेली असेल, तर बाहेरचे पाणी त्याला होडीसारखे वर उचलू पाहते. अख्खा हौद उचलला गेला नाही तरी तळाच्या टाइल्स फुगून सुटतात, काँक्रीटला भेगा जातात आणि जी गळती नव्हती ती तयार होते. खालून येणारा हा दाब मोकळा करणारा व्हॉल्व्ह काही हौदांच्या तळाशी बसवलेला असतो, पण आमच्याकडे तो नाही. ‘पावसाळ्याच्या तोंडावर हौद रिकामा करायचा नाही’ हे सासरे नेहमी सांगत. त्यांचे म्हणणे मी आज्ञा म्हणून पाळत आले होते, त्यामागचे गणित मला त्या आठवड्यात समजले.

मग मी दिवाळे गावातल्या मामांना बोलावले. ते आमचे जुने नळकाम करणारे. त्यांच्या घरी पूर्वी मासेमारीच्या होड्या होत्या आणि लाकडी होडीच्या फळ्यांच्या फटीत कापूस ठासून ती बुजवण्याचे काम त्यांनी लहानपणी वडिलांबरोबर केलेले आहे. ठेकेदारांनी सांगितलेले सगळे त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “ताई, होडीला भोक कुठं आहे ते ती पाण्यात असतानाच कळतं. वर ओढली की सगळ्या फळ्या सारख्याच दिसतात. हौद आधी भरलेला राहू द्या.” या वाक्याने माझ्या मनातला गोंधळ संपला. गळती शोधायची तर पाणी हेच साधन होते, आणि आम्ही तेच आधी काढून टाकायला निघालो होतो.

शोध सुरू झाला तो एका बादलीपासून. पोहण्याच्या तलावातले पाणी दोन वाटांनी कमी होते, एक हवेत आणि एक जमिनीत. हवेत जाणारे पाणी ऊन, वारा आणि आर्द्रता यांवर ठरते आणि त्याला आपला इलाज नाही. दोन्ही वेगळे काढण्याची युक्ती अगदी साधी आहे. तरंगत्या गोळ्याचा नळ बंद करायचा. प्लास्टिकच्या बादलीत हौदाचेच पाणी घ्यायचे, तळाशी एक दगड ठेवायचा म्हणजे ती हलत नाही, आणि ती हौदाच्या दुसऱ्या पायरीवर अशी ठेवायची की बादलीतले आणि बाहेरचे पाणी एकाच पातळीवर येईल. बादलीच्या आतून पाण्याच्या रेषेवर एक खूण आणि बाहेरून हौदाच्या पाण्यावर दुसरी. पाणी फिल्टरमधून फिरवणारा पंप चोवीस तास बंद, कोणी उतरायचे नाही, आणि मग दोन्ही खुणांपासून पाणी किती उतरले ते मोजायचे. ऊन आणि वारा दोन्ही पाण्यांना सारखाच लागतो, पण बादलीला गळती नाही. म्हणून हौद जेवढा जास्त उतरेल तेवढी गळती.

“आई, उद्या पाण्यात उतरायचं नाही हं,” मी सासूबाईंना सांगितले. “नाही उतरत, पण बघायला बसते,” असे म्हणून त्यांनी खुर्ची काठावर आणवली आणि बादलीत कावळ्याने चोच घालू नये म्हणून दुपारपर्यंत राखण केली.

चोवीस तासांनी बादलीतले पाणी ५ मिलिमीटर उतरले होते आणि हौदाचे १७. फरक १२ मिलिमीटरचा. हाताच्या बोटाच्या रुंदीएवढाही नाही. पण आमच्या हौदाचा पृष्ठभाग १८ चौरस मीटर आहे, आणि एवढ्या पृष्ठभागावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १८ लिटर, घरातली एक मोठी बादली. बारा मिलिमीटर म्हणजे बारा बादल्या, २१६ लिटर, रोज. शहरातल्या घरगुती वापरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरण्याचे मानक आपल्या देशात आहे, म्हणजे आमच्या अंगणाची माती दीड माणसाचे पाणी रोज पीत होती. नवी मुंबईला हे पाणी खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणातून येते, भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होते आणि मग इतक्या लांबचा प्रवास करून आमच्या नळाला पोहोचते. हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा बिलाची चिंता मागे पडली आणि मला खरोखर लाज वाटली. सासूबाई महाड भागातल्या. मे महिन्यात विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी गोळा करून हंडा भरण्याचे दिवस त्यांनी पाहिलेले आहेत. बारा बादल्यांचा आकडा ऐकून त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळपर्यंत दोनदा त्यांनी मला विचारले, “सापडेल ना गं?”

दुसऱ्या दिवशी हीच परीक्षा पंप चालू ठेवून केली. पंप आमच्याकडे दिवसाला आठ तास चालतो. या वेळी बादली पुन्हा ५ उतरली, पण हौद २१. म्हणजे पंप चालताना आणखी चार बादल्या कुठेतरी जात होत्या. दोन दिवसांच्या आकड्यांची ही तुलना फार बोलकी असते. पंप चालू असताना गळती वाढली, तर दोष बहुधा पंपाच्या पुढच्या, दाबाखालच्या भागात असतो. उलट पंपाच्या मागच्या, ओढणाऱ्या नळीत फट असेल, तर पंप चालताना तिच्यातून हवा आत ओढली जाते आणि हौदात परत येणाऱ्या पाण्याबरोबर बुडबुडे दिसतात. आमच्याकडे बुडबुडे नव्हते.

मामा पंपाच्या खोलीत गेले, नळ्यांचे सांधे हाताने चाचपले, सगळे कोरडे. मग त्यांनी फिल्टरवरच्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हकडे मोर्चा वळवला. फिल्टरची वाळू उलट धुऊन ते घाण पाणी गटारात सोडण्यासाठी या व्हॉल्व्हला एक वेगळी नळी असते. एरवी तिच्यातून थेंबही जायला नको. मामांनी तिचा जोड सोडवला, पंप सुरू केला आणि खाली स्टीलचे पातेले धरले. पाण्याची बारीक धार लागली होती, मिनिटाला साधारण वाटीभर. आठ तासांचा गुणाकार केला तर चार बादल्यांच्या जवळच येत होता. हे पाणी नळीतून थेट गटारात जात होते, त्यामुळे कुठे ओल नाही, डाग नाही, काहीच नाही. व्हॉल्व्हच्या आतले रबरी गॅसकेट कडक होऊन एका जागी दबले होते. ते बदलले आणि धार थांबली. उरल्या बारा बादल्या.

त्या शोधायला वेळ लागला. नळ बंदच ठेवून आम्ही पाणी आपोआप उतरू दिले आणि रोज सकाळी सातला टाइलवर पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहिली. यामागचा तर्क असा की पाणी भोकाच्या खाली गेले की गळती थांबते, म्हणून पातळी जिथे स्थिरावेल त्या उंचीवर शोध घ्यायचा. पाण्यावरचा पालापाचोळा ओढून घेणारा स्किमर आमच्याकडे वरच्या काठापासून जवळच आहे, आणि हौद जिथे गळतात त्या ठिकाणांत त्याचे नाव नेहमी घेतले जाते, कारण तिथे प्लास्टिक आणि काँक्रीट यांचा सांधा असतो आणि दोन्ही एकमेकांना कायमची धरून राहत नाहीत. पाणी स्किमरच्या तोंडाखाली गेले तेव्हा त्याचा व्हॉल्व्ह बंद करून आम्ही पंप फक्त तळाच्या जाळीतून पाणी ओढेल असा चालवला. गळतीच्या वेगात त्या दिवशी काहीही बदल झाला नाही. स्किमर सुटला. अकरा दिवसांत पाणी सुमारे १७ सेंटीमीटर उतरले आणि रोजचा फरक १२ वरून हळूहळू ९ वर आला. एकदम तुटला नाही, कमी कमी होत गेला. याचा अर्थ मला लागला तो असा की भोक अजून पाण्याखालीच आहे, फक्त त्याच्यावरचे पाणी कमी झाल्याने दाब उतरला आहे. भिंतीवर आता पाण्याखाली दोनच संशयित राहिले होते, तो तडा गेलेला टाइल आणि हौदातला दिवा. त्याखाली तळाची जाळी होती, पण तिच्याकडे आम्ही शेवटी वळणार होतो.

रंगाची परीक्षा मी स्वतः केली आणि ती मला नेहमी आठवत राहील. पहाटे साडेपाचला, वारा सुटायच्या आधी, पंप रात्रीपासून बंद ठेवून मी पोहण्याचा चष्मा लावून पाण्यात उतरले. हातात सुई नसलेली इंजेक्शनची नळी आणि तिच्यात जिलबीत घालतात तो खायचा लाल रंग, पाण्यात कालवलेला. पाण्यातून चालताना लाटा उठतात, म्हणून भिंतीशी पोहोचल्यावर मी पाच-सात मिनिटे नुसती उभी राहिले. मग चेहरा पाण्यात घालून त्या तडा गेलेल्या टाइलसमोर रंगाचा एक थेंब सोडला. थेंब सुटला, गोळा झाला, कडेने विरत विरत फुलासारखा उमलला आणि तिथेच तरंगत राहिला. तड्याकडे तो वळलासुद्धा नाही. ज्या तड्यासाठी साडेतीन लाखांचे काम निघाले होते, तो टाइलच्या चकाकीपुरताच होता.

दिव्यापाशी आले. गोल काचेच्या कडेने रंग सोडत गेले, खाली काही नाही, उजवीकडे काही नाही. वरच्या बाजूला नळीचे तोंड नेले आणि दाबायच्या आतच रंग निघाला. त्याची दोऱ्याएवढी बारीक लाल रेघ झाली आणि ती रेघ वाकून दिव्याच्या कडेच्या मागे सरळ आत गेली, कोणीतरी पलीकडून ओढून घ्यावी तशी. मी श्वास घ्यायला वर आले, पुन्हा खाली गेले, पुन्हा थेंब सोडला. पुन्हा तीच रेघ, तोच बाक. वर सासूबाई खुर्चीत बसून होत्या. मी डोके बाहेर काढून एवढेच म्हणाले, “आई, सापडलं.” त्यांनी हात जोडले.

मामा आल्यावर आधी घराच्या फळीवरचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, बंद केला. हौदातले दिवे बारा व्होल्टवर चालत असले तरी पाण्यात हात घालण्याआधी वीज मुळापासून तोडणे याला पर्याय नाही. दिव्याच्या मागे कोनाड्यात तारेचा वेटोळा ठेवलेला असतो, म्हणून स्क्रू काढला की दिवा तारेसकट काठावर आणून ठेवता येतो. कोनाड्याच्या मागच्या बाजूला कंड्युट पाइपचे तोंड होते, त्यातून तार अंगणाखालून जोडपेटीकडे जाते. हौद भरलेला असताना हा पाइपही पाण्याच्या पातळीपर्यंत भरतो, आणि अंगणाखाली त्याचा एखादा सांधा सुटला की पाणी निवांतपणे मातीत जात राहते. म्हणून पाइपचे तोंड तारेभोवती बुजवायचे असते. आमच्या पाइपच्या तोंडात कधीकाळी लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, भरलेली होती, ती वाळून, आकसून, नखाने सुटेल इतकी भुसभुशीत झाली होती. मामांनी ती तारेला धक्का न लावता लाकडी काडीने कोरून काढली. पाण्याखाली घट्ट होणारी दोन भागांची इपॉक्सी पुट्टी त्यांनी तळहातावर मळली, रंग एकसारखा होईपर्यंत मळली, तिची वळकटी केली आणि तारेभोवती चार-पाच सेंटीमीटर आतपर्यंत अंगठ्याने ठासत गेले. त्यांचा तो अंगठा पाहताना मला फळ्यांच्या फटीत कापूस ठासणारा लहान मुलगा दिसत होता. एक दिवस तसेच राहू दिले. दुसऱ्या दिवशी रंग सोडला तर तो कोनाड्यात ढगासारखा थांबून राहिला.

हौद पुन्हा भरला आणि बादली पुन्हा पायरीवर ठेवली. आकाश ढगाळलेले होते, त्यामुळे बादली ४ मिलिमीटरच उतरली. हौद मात्र ६. घरात सगळे म्हणाले, पुरे झाले, दोन मिलिमीटरचे काय एवढे. मला ते मान्य करता येईना. दोन मिलिमीटर म्हणजे दोन बादल्या, छत्तीस लिटर, रोज. शिवाय मापनाची चूक असेल तर दुसऱ्या दिवशी आकडा बदलायला हवा होता, आणि तो बदलला नाही. मग मी रंगाची नळी घेऊन एकेक सांधा तपासत निघाले, आणि या वेळी दोन सकाळी गेल्या. तळाची जाळी, पाणी परत येते त्या तोट्या, कठड्याचे पाय. शेवटी तिसऱ्या पायरीचा कोपरा भिंतीला मिळतो तिथे, ज्या पायरीवर मी बादली ठेवत होते तिच्या लगतच खाली, करंगळीच्या नखाएवढ्या फटीत रंग हळूहळू आत गेला. दिव्यापाशी तो ओढला गेला होता, इथे तो मुरला. पायरी आणि भिंत वेगवेगळ्या वेळी ओतलेली असतात, म्हणून त्यांचा सांधा काळाने किंचित उकलतो. मामांनी तो छन्नीच्या टोकाने थोडा मोठा केला, साफ केला आणि तीच पुट्टी भरली. मोठी फट बुजवणे सोपे, बारीक फट आधी मोठी करावी लागते, असे ते म्हणाले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शेवटची परीक्षा झाली. बादली ४, हौद ४. मी फूटपट्टी तीनदा लावून पाहिली. गॅसकेट, पुट्टी आणि रंग यांचा खर्च अडीच हजारांच्या आत आला, मामांची मजुरी वेगळी. ती त्यांनी मागितली त्याहून जास्त दिली, तेव्हा त्यांनी जास्तीचे पैसे परत केले आणि गोळ्याचा व्हॉल्व्ह काढून टाका एवढे मागितले. तो काढला. आता नळ मी हाताने सोडते, त्या नळीवर छोटा मीटर बसवून घेतला आहे, आणि पायरीजवळच्या टाइलवर भरल्या पाण्याची एक रेघ कोरून ठेवली आहे.

चारच दिवसांनी पाऊस आला. त्याआधी संरक्षक भिंतीची ती दोन छिद्रे पहिल्यांदाच कोरडी झाली होती आणि खालचे शेवाळ तपकिरी पडून बोट लावताच सुटत होते. पहिल्या दोन-तीन सरींनंतर छिद्रे पुन्हा ओली झाली, आणि या वेळी डावीकडची दोनच नव्हे, तर सगळीच. सासूबाई छत्री घेऊन भिंतीपर्यंत गेल्या, वाकून पाहिले आणि म्हणाल्या, “हे टेकडीचं आहे.”

मग त्या कठड्याला धरून पाण्यात उतरल्या.